पाइप तोच, तारा नव्या : संगणक केंद्राच्या विद्युत व्यवस्थेची पन्नास वर्षे

केंद्रात आलेली यंत्रे, इथे सुरू झालेले अभ्यासक्रम आणि इथून शिकून गेलेले विद्यार्थी यांच्याविषयी या स्मरणिकेत स्वतंत्र लेख आहेत. या लेखासाठी समितीने दिलेला विषय भिंतींच्या आत दडलेला आहे. त्या सगळ्या यंत्रांपर्यंत वीज कशी पोहोचत गेली, याची ही हकिकत.

केंद्र ज्या इमारतीत सुरू झाले, त्याच इमारतीत ते आजही आहे. यंत्रांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. स्लॅबमध्ये पुरलेले लोखंडी कंड्यूट पाइप मात्र पहिल्या दिवसापासून तेच आहेत. स्लॅब फोडता येत नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक दशकात केंद्रापुढे तोच प्रश्न आला : असलेल्या पाइपातून आणखी एक सर्किट नेता येईल का? ‘पाइपात जागा दिसते, घाला तार’ हे सोपे उत्तर अनेक संस्थांमध्ये दिले जाते आणि त्याची किंमत पुढे कुणीतरी मोजतो. आपल्या केंद्राने दर वेळी थांबून हिशेब केला. माझ्या मते पन्नास वर्षांतली ही मोठी कमाई आहे.

सत्तरचे दशक : एक इंचाचा आग्रह

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली सुरू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाला अशा यंत्राचे स्वप्नही परवडणारे नव्हते. आपल्या केंद्राची सुरुवात झाली ती पंच कार्डांच्या यंत्रांनी. विद्यार्थ्यांनी टोचलेली कार्डे खोक्यात भरून एसटीने मोठ्या शहरात पाठवायची आणि छापील निकाल परत यायची वाट पाहायची. एका चुकलेल्या स्वल्पविरामापायी आठवडा जायचा. तरीही त्या वर्गाला जागा अपुरी पडत असे, असे त्या काळचे शिक्षक सांगतात.

विज्ञान शाखेच्या नव्या इमारतीसाठी संस्थेच्या सभासदांनी देणग्या गोळा केल्या, शिक्षकांनी पगारातून वर्गणी दिली. पैसा जेमतेम होता. अशा वेळी बांधकाम समितीतल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी एक मागणी लावून धरली : संगणकाच्या खोल्यांवरच्या स्लॅबमध्ये नेहमीच्या पाऊण इंची पाइपाऐवजी एक इंची पाइप टाकावा आणि प्रत्येक वळणावर तपासणीची पेटी ठेवावी. खर्च वाढत होता. समितीत या विषयावर साधकबाधक चर्चा झाली आणि अखेर सर्वानुमते एक इंची पाइप मंजूर झाला. दोन-चार पंचिंग यंत्रांसाठी एवढा मोठा पाइप कशाला, हा प्रश्न त्या वेळी चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मिळायला वीस वर्षे लागली.

त्या पहिल्या वायरिंगमध्ये तारा अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, कारण देशात तांब्याची टंचाई होती आणि जिकडेतिकडे हीच तार वापरली जात होती. संरक्षणाला चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. अर्थिंगसाठी वेगळी तार नव्हती. लोखंडी पाइप हाच अर्थिंगचा मार्ग मानला जाई.

ऐंशीचे दशक : तांबे आले

१९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात थोडी सुलभ झाली आणि आपल्या केंद्रात प्रत्यक्ष संगणक आला. त्याच्यामागोमाग वातानुकूलन यंत्र आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर आले. वीज संगणकाला थोडी आणि त्याला गार ठेवायला जास्त, अशी स्थिती होती. वातानुकूलनाचे सर्किट सुरुवातीपासून वेगळ्या मार्गाने नेले गेले, हा त्या वेळच्या विद्युत विभागाचा शहाणपणाचा निर्णय. कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मंद होतात; तसा झटका संगणकाच्या सर्किटला बसू नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

अ‍ॅल्युमिनियम तारांच्या तक्रारी याच काळात वाढल्या. हा धातू मऊ असतो. स्क्रूखाली दाबलेली तार तापते, गार होते, हळूहळू चेपत जाते आणि जोड सैल पडतो. सैल जोड म्हणजे उष्णता. स्विचबोर्ड उघडला की जळका वास यायचा आणि टर्मिनलजवळचे प्लास्टिक पिवळे पडलेले दिसायचे. सगळ्या तारा बदलून तांब्याच्या टाकायचे ठरले. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारण ४ चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम तारेइतका भार वाहते. त्यामुळे पाइप न बदलता त्यात थोडी जागा मोकळी झाली. ती जागा लगेच कारणी लागली : पाइपाचे जोड गंजल्यामुळे अर्थिंगसाठी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे होते, म्हणून प्रत्येक पाइपातून हिरवी तार स्वतंत्रपणे ओढली गेली. भारतीय मानक संस्थेची राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिची प्रत केंद्राने मागवून घेतली आणि ती अजून कपाटात आहे.

हे काम आपल्या वायरमन मंडळींनी आणि आयटीआयच्या शिकाऊ मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत केले. त्यांनी घालून दिलेली एक शिस्त इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची चाळीस वर्षे केंद्र तिच्यावर चालले. भरलेल्या पाइपात एकटी नवी तार कधी घुसवायची नाही. नवी तार जोराने ओढली जाते तेव्हा ती आधीच्या तारांच्या पीव्हीसीवर घासत जाते. वळणावर तर ती करवतीसारखी चालते. बाहेरून काही दिसत नाही, दिवे लागतात, सगळे खूश होतात. जखम आत राहते आणि पावसाळ्यात ओल धरली की फुटते. म्हणून पद्धत अशी : मेन बंद करायचा, जुन्या सगळ्या तारा सोडवायच्या, त्यांच्याच टोकाला जीआय तार बांधून त्या बाहेर काढायच्या, पाइप कापडाच्या बोळ्याने पुसायचा, मग जुन्या-नव्या मिळून सगळ्या तारा एकत्र जुडी करून, शंखजिऱ्याची पूड लावून एकाच ओढीत आत घ्यायच्या. एक माणूस ओढणार, दुसरा पलीकडून सारणार, तिसरा पेटीपाशी उभा राहून जुडीला पीळ पडू देणार नाही. काम संपले की तारांच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर लावायचा. पॉइंटच्या संख्येने ५० ला भागून येईल तितक्या मेगोह्मपेक्षा रोध कमी भरला, तर तारा पुन्हा बाहेर.

यात वेळ जातो, खोली बंद ठेवावी लागते, तासिका बुडतात. त्याबद्दल केंद्राने त्या त्या वेळच्या प्राचार्यांना गळ घातली आणि त्यांनी ती मान्य केली. प्राचार्यांचे ते सहकार्य मोठे होते.

नव्वदचे दशक : तिसरे सर्किट

१९९१ नंतर संगणक स्वस्त होत गेले. पुण्याच्या सी-डॅकने त्याच वर्षी परम ८००० तयार केला आणि ‘संगणक’ हा शब्द गावागावात पालकांच्या तोंडी आला. महाविद्यालयात संगणकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. एका खोलीत दोन सर्किटांवर चालणारे संगणक पुरेनात. टेबले वाढली, विद्यार्थ्यांच्या तुकड्या वाढल्या आणि व्यवस्थापनाने तिसऱ्या सर्किटाची मागणी मान्य केली. पाइपात डोकावले तर जागा होती. २.५ चौरस मिलिमीटरच्या नऊ तारा, म्हणजे तीन सर्किटे, त्या पाइपाच्या पोकळीचा साधारण ३० टक्के भाग व्यापतात. तारांनी ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे नियम पाळूनही तार घालता येत होती.

इथे विद्युत विभागाने हात वर केला. या प्रसंगाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

पाइपातल्या जागेचा हिशेब एक आणि उष्णतेचा हिशेब दुसरा. प्रवाह वाहणारी प्रत्येक तार तापते. पाइपात ती एकटी असेल तर ती उष्णता लोखंडाला, काँक्रीटला देऊन मोकळी होते. शेजारी दुसरी तापलेली जोडी आली की दोघींनाही उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. चाळीतल्या खोलीत आणखी एक बिऱ्हाड आले की आधीच्या बिऱ्हाडांचाही वारा कमी होतो, तसेच. आकडे असे : नळीतून नेलेली २.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तांब्याची तार ३० अंश हवेत २४ अँपिअर पेलते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४० अंशांवर जाते, म्हणून ०.८७ ने गुणायचे; उरतात सुमारे २१. एका पाइपात दोन सर्किटे असतील तर आणखी ०.८० ने गुणायचे. पावणेसतराच्या आसपास येते, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच) चालतो. तीन सर्किटे झाली की गुणक ०.७० आणि उत्तर साडेचौदा. आता १६ चा एमसीबी तारेचे रक्षण करू शकत नाही. तार मर्यादेपलीकडे तापेल आणि एमसीबी गप्प बसेल. शिवाय हा धोका नव्या सर्किटापुरता नाही. वर्षानुवर्षे नीट चाललेली आधीची दोन्ही सर्किटे त्या क्षणापासून असुरक्षित होतात.

तिन्हींवर १० अँपिअरचे एमसीबी लावावेत, असाही पर्याय पुढे आला. पण १० ची तीन म्हणजे ३०, तर आधीची १६ ची दोन म्हणजे ३२. एवढा खटाटोप करून खोलीला मिळणारी वीज वाढण्याऐवजी कमी झाली असती.

तोडगा निघाला तो सत्तरच्या दशकातल्या त्या आग्रहामुळे. तिन्ही सर्किटांना ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यायची आणि तिघांना मिळून त्याच जाडीची एक अर्थिंगची तार द्यायची. अशा सात तारा एक इंची पाइपात ३० टक्क्यांच्या थोड्या वर जागा घेतात. ४ चौरस मिलिमीटरची तार मुळात ३२ अँपिअर पेलते. उन्हाळा आणि गर्दी या दोन्हींची वजावट करून साडेएकोणीस उरतात. १६ चा एमसीबी निर्धास्तपणे लावता येतो. याच सात तारा पाऊण इंची पाइपात घातल्या असत्या तर पोकळीचा निम्म्याहून अधिक भाग भरला असता, आणि वळणावर त्या ओढल्याही गेल्या नसत्या. बांधकाम समितीतले बहुतेक सदस्य तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्यापैकी जे गावात होते, त्यांना काम पाहायला आवर्जून बोलावले होते. ते आले आणि पेटीपाशी बराच वेळ थांबून एकेक जोड पाहत राहिले.

त्याच वेळी न्यूट्रलचाही प्रश्न सुटला. जुन्या वायरिंगमध्ये तीन फेजच्या सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल होती. दिवे-पंख्यांच्या काळी ते चालून जाई, कारण तिन्ही फेजवर भार सारखा असला की न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना रद्द करतात. संगणकाचा वीजपुरवठा घटक मात्र प्रवाह सरळ लाटेसारखा घेत नाही, तुकड्यातुकड्यांनी ओढतो. त्यातून १५० हर्ट्झचा जो तिसरा हार्मोनिक तयार होतो, तो तिन्ही फेजमधून एकाच तालात न्यूट्रलमध्ये येतो आणि रद्द होण्याऐवजी साठतो. अशा न्यूट्रलमधून फेजच्या पावणेदोन पटीपर्यंत प्रवाह जाऊ शकतो, आणि तिच्यावर फ्यूजही नसतो. केंद्रातल्या न्यूट्रलचे जोड इतरांपेक्षा गरम का लागतात, हे कोडे क्लॅम्प मीटर लावल्यावर उलगडले. तेव्हापासून प्रत्येक सर्किटाला स्वतःची न्यूट्रल आणि ती आपल्या फेजबरोबर त्याच पाइपातून, हा नियम झाला. फेज एका लोखंडी पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेली तर पाइप स्वतःच तापतो. हे वायरमन लोकांना पुस्तकाआधीपासून ठाऊक होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, त्याच्या आगेमागे केंद्रात नेटवर्कची को-अ‍ॅक्शियल केबल आली. तयार पाइप समोर असताना भिंतीवर वेगळी पट्टी कशाला मारायची, असे काहींना वाटणे स्वाभाविक होते. पण विजेच्या आणि संदेशाच्या तारा एका पाइपात नकोत, या मुद्द्यावर विद्युत आणि संगणक दोन्ही विभाग लवकरच एकत्र आले. विजेच्या तारेचे आवरण दुखावले तर २३० व्होल्ट नेटवर्कवाटे थेट विद्यार्थ्याच्या हाताशी येतील, हे कारण पुरेसे होते. केबल पट्टीतून गेली. खोलीची शोभा थोडी उणावली, ते सर्वांनी आनंदाने सोसले.

२००० चे दशक : भारनियमन आणि अर्थिंग

या दशकाच्या मध्यावरचे भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण कंपनी झाली, त्याच सुमाराला आपल्याकडे दिवसाचे कित्येक तास वीज नसे. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे लावावे लागे. माजी विद्यार्थ्यांनी मदत उभी केली आणि केंद्राला मोठा यूपीएस व जनरेटर मिळाला.

यूपीएस आला की प्रत्येक पाइपात ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ अशा दोन प्रकारच्या विजेची सरमिसळ होण्याचा धोका येतो. मेन बंद केला म्हणजे पाइपातल्या सगळ्या तारा मेल्या, हे गृहीत आता धरता येत नाही. केंद्राने संगणकांचे पाइप पूर्णपणे यूपीएसला दिले. दिवे, पंखे आणि सफाईच्या यंत्रांचे पॉइंट दुसऱ्या पाइपांवर नेले. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा जीव या विभागणीवर अवलंबून असतो.

अर्थिंगचा खड्डा याच वेळी नव्याने घेतला. कोळसा आणि मीठ भरलेला जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडे आणि न्यूट्रल-अर्थमधला दाब वाढे. संगणकासाठी स्वच्छ, वेगळी अर्थिंग हवी असे पुरवठादार सांगत. ती दिली, पण दोन्ही खड्डे जाड पट्टीने एकमेकांना जोडूनच. न जोडलेल्या दोन अर्थिंग म्हणजे दोषाच्या किंवा विजेच्या कडकडाटाच्या वेळी एका टेबलावर दोन वेगळे दाब. खड्ड्यांना उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम आपल्या शिपाई बंधूंनी वर्षानुवर्षे न सांगता केले. केंद्राच्या इतिहासात त्यांचे स्थान कुठल्याही तंत्रज्ञाइतकेच आहे.

अर्थिंगकडे प्रवाह गळू लागला की वीज तोडणारे आरसीसीबी बसवल्यावर सुरुवातीला ते विनाकारण पडत असल्याच्या तक्रारी आल्या. कारण होते. संगणकाच्या आतला फिल्टर थोडासा प्रवाह नेहमीच अर्थिंगला सोडतो; एकेका यंत्राचा नगण्य, पण बेरीज मोठी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याच्या निम्म्यापासून पुढे केव्हाही पडू शकतो. उपाय म्हणून एका आरसीसीबीखालचे संगणक कमी केले. सर्किटे वाढवण्यामागे भार वाहणे एवढाच हेतू नसतो, हे तेव्हा व्यवस्थापनालाही पटले.

२०१० चे दशक : भार उतरला

जाड काचेचे मॉनिटर गेले, सपाट पडदे आले, ट्यूबलाइटच्या जागी एलईडी आले. पन्नास वर्षांत प्रथमच खोलीचा भार कमी झाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आणि २०११ ची सुधारित संहिता समोर ठेवून सर्व डीबी (वितरण पेट्या) तपासल्या गेल्या. ज्या तारांचा उपयोग संपला होता, त्या पाइपात तशाच सोडल्या नाहीत, ओढून काढल्या. मेलेली तारही जागा अडवते, आणि पुढच्या माणसाला ती जिवंत आहे की नाही याची शंका खात राहते.

मार्च २०२० नंतर महाविद्यालय बंद होते. परवानगी मिळताच विद्युत विभागाच्या मंडळींनी त्या शांततेचा उपयोग करून इमारतीतली प्रत्येक पेटी उघडली, प्रत्येक पाइपाचा मार्ग शोधला आणि नकाशा तयार केला. इतकी वर्षे ही माहिती दोन-तीन ज्येष्ठ वायरमनांच्या डोक्यात होती. ती कागदावर आली, याचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिलेल्या वेळाला आहे.

आज

आज केंद्रात तीन प्रयोगशाळा, एक सर्व्हर खोली आणि मराठी भाषा तंत्रज्ञानावर काम करणारा छोटा गट आहे. या गटाला ग्राफिक प्रोसेसर असलेली यंत्रे हवी आहेत. एकेक यंत्र हजार वॅटच्या पुढे जाते आणि रात्रंदिवस पूर्ण भारावर चालते. वर्गातले संगणक तास संपला की बंद होतात, तारा गार होतात. इथे तो विसावा नाही. त्यामुळे सर्व्हर खोलीच्या जुन्या पाइपात चौथे सर्किट घालायची मागणी विद्युत विभागाने हिशेब दाखवून नाकारली आहे आणि छताखालून उघड्या ट्रेवरून नवा मार्ग सुचवला आहे. ट्रेचा खर्च जास्त आहे. व्यवस्थापनाने तो तत्त्वतः मान्य केला असून माजी विद्यार्थी संघाने अर्धा वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे.

प्रत्येक डीबीच्या दाराच्या आत आता एक तक्ता चिकटवलेला आहे : पाइपाचा क्रमांक, त्यातली सर्किटे, तारेची जाडी, शेवटच्या मेगर चाचणीचा आकडा आणि पाइपात आणखी सर्किट चालेल की नाही, याचे हो किंवा नाही एवढेच उत्तर. तक्त्यावर काम करणाऱ्या वायरमनची आणि विभागप्रमुखाची, अशा दोघांच्याही सह्या असतात. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या तारा आता तीस वर्षांच्या होत आल्या आहेत. येत्या उन्हाळी सुट्टीत त्या पूर्ण बदलायच्या आहेत. आयटीआयच्या विद्यार्थ्यांची तुकडी त्यासाठी ठरली आहे आणि निवृत्त वायरमनांपैकी दोघांनी तारा ओढण्याच्या दिवशी पेटीपाशी उभे राहण्याचे कबूल केले आहे.